किल्ली विशूच्या कमरेला

उत्तरेश्वर शेळके घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी मध्येच तोंड वाकडं करायला नको. पण त्याला घाबरट म्हणायचं असेल तर नीट ओळखणाऱ्याने म्हणावं. रस्त्याने जाणाऱ्याने म्हणू नये.

शनिवार पेठेत एक लॉज आहे. खाली काउंटर, वर दोन मजल्यांवर अकरा खोल्या, गरम पाणी सकाळी सहा ते आठ. या काउंटरमागे उत्तरेश्वर एकोणीस वर्षं बसतोय. मूळचा बार्शीकडचा. बारावीला गणितात दोनदा गचकला, तिसऱ्यांदा फॉर्मच भरला नाही, आणि एक पत्र्याची पेटी घेऊन स्वारगेटला उतरला. तिथे एकाला विचारलं, "शनिवार पेठ लांब आहे का?" तो माणूस म्हणाला, "तुम्ही इथे किती वेळ उभे राहताय त्यावर आहे," आणि निघून गेला. ही त्याची पुण्याशी पहिली ओळख. पुढे सहा वर्षं मेसमध्ये पोळ्या लाटल्या, मग हा लॉज. लग्न झालं, कर्वेनगरात दोन खोल्या झाल्या, पोरगी कॉलेजात गेली. ती पोरगी, भाग्यश्री, म्हणते, "बाबा, तुम्ही पुण्यात राहतच नाही. काउंटरमागे राहता."

खरं आहे ते. पण काउंटरमागे तो राजा आहे. आयडी दिल्याशिवाय तो कोणाला खोलीची किल्ली देत नाही, मग समोर कोणी का असेना. आणि आयडीची झेरॉक्सच लागते त्याला, कागदावर, फाइलला लावलेली. लॉजचे मालक रावसाहेब दर महिन्याला डोकं आपटतात.

"अरे, मोबाईलवर फोटो काढ ना. सगळं जग काढतं."

"मोबाईल पडला तर?"

"आणि झेरॉक्स जळाली तर?"

"एकोणीस वर्षांत जळली नाय."

घाबरला किंवा अडून बसला की त्याच्या बोलण्यात बार्शी येते. एरवी तो अगदी पेठेतल्यासारखं बोलतो, 'आपण कुठून आलात' वगैरे.

आणि त्याला सगळ्यात जास्त भीती गर्दीची. सहा वर्षांचा असताना येरमाळ्याच्या यात्रेत मावशीचा हात सुटला होता. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत तो लाउडस्पीकरवाल्याच्या टेबलाखाली बसून स्वतःचंच नाव ऐकत होता. तेव्हापासून जे बसलं ते बसलं. विसर्जनाची मिरवणूक लॉजपासून दोन गल्ल्यांवर, काउंटरवरचे ग्लास ढोलाने थरथरतात, पण एकोणीस वर्षांत हा माणूस एकदाही बघायला गेलेला नाही. "ड्युटी आहे," म्हणायचा.

यंदा विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी नीनो आली. साठीला टेकलेली बाई, केस बारीक कापलेले, पाठीवर एक सॅक, सॅकला स्वतःचं कुलूप. शाळेत शिकवते म्हणाली. सुट्टीत एकटी फिरते, स्वस्तात. खोलीचं भाडं ऐकून तिने मान हलवली, वर जाऊन नळ सोडून बघितला, खाली आली आणि शंभर रुपये कमी करून घेतले. देश जॉर्जिया.

"जॉर्जिया?" उत्तरेश्वर खूश झाला. "आमच्या बार्शीची पोरं येतात तिकडे. डॉक्टर व्हायला. व्हेरी मेनी."

"व्हेरी मेनी," नीनो म्हणाली. ते बहुतेक तिलाही माहीत होतं.

परदेशी पाहुणा आला की ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, त्याला पासपोर्टची कॉपी लागते. झेरॉक्सचं दुकान संध्याकाळी बंद होतं. म्हणून सकाळी आठला तिचा पासपोर्ट हातात घेऊन उत्तरेश्वर गल्लीच्या टोकाला विशूकडे गेला. विशू म्हणजे विश्वजीत. वर्षभर झेरॉक्स काढतो आणि गणपतीत ढोल वाजवतो. त्या दिवशी अर्धा तास दुकान उघडून तो पथकातल्या पोरांचे बिल्ले छापत होता. पांढरा कुर्ता, डोक्याला फेटा, बोटांना चिकटपट्ट्या.

"ठेवा काका. मशीन गरम होतंय. दहा मिनिटांत आणून देतो."

गल्लीत असंच चालतं. ठेवायचं आणि यायचं, तो आणून देतो. आजवर एकदाही चुकला नव्हता. उत्तरेश्वरने ठेवला आणि आला. मग चौथ्या नंबरचा नळ गळायला लागला, सातवाल्यांनी चहा मागवला, तीन जणांना खोली नाही म्हणून सांगावं लागलं, आणि पासपोर्ट त्याच्या डोक्यातून गेला.

साडेबाराला नीनो सॅक घेऊन खाली उतरली. साडेतीनला स्वारगेटहून मुंबईची एसटी, रात्री मुंबईहून विमान. तिने तिकीट दाखवलं आणि हात पुढे केला.

"पासपोर्ट, प्लीज."

उत्तरेश्वरला विशू आठवला. तो गल्लीत पळाला. शटर खाली. शटरवर विशूच्या अक्षरात कागद: 'आज विसर्जन. उद्या झोप. परवा या.'

त्याने फोन लावला. वाजला, वाजून बंद पडला. पुन्हा लावला. सहाव्यांदा वरच्या खिडकीतून विशूची आई आनंदीबाई डोकावल्या.

"अहो उत्तरेश्वर, किती वेळ वाजवताय? पथकात फोन चालत नाहीत. सगळ्यांचे काढून एका पिशवीत घालून टेम्पोत टाकतात. तुमचा फोन टेम्पो ऐकतोय."

"काकू, दुकानाची दुसरी किल्ली?"

"एकच आहे. ती त्याच्या कमरेला. कमरेवर ढोल. ढोल लक्ष्मी रोडला. जा आता."

"बाईंचा पासपोर्ट आत आहे, काकू. साडेतीनला गाडी हाय त्यांची."

आनंदीबाईंनी खाली नीनोकडे बघितलं. ती मागोमाग आली होती, सॅक पाठीवरच. "मग इथे उभे राहून काय होणारे?" त्या म्हणाल्या. "कुंटे चौकाच्या आसपास असतील. भगवा-पांढरा झेंडा बघा."

उत्तरेश्वरने नीनोला हातवाऱ्यांनी समजावलं. शॉप, लॉक, की, बॉय, ड्रम. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा होत चालला होता.

"नो पासपोर्ट, नो प्लेन," ती म्हणाली.

"यस," उत्तरेश्वर म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

दोघं निघाले. रोजचा बोळ बांबूंनी बंद. पलीकडचाही बंद. तिसऱ्याच्या तोंडाशी हवालदार खुर्ची टाकून बसला होता. "इथून नाही. पुढून." पुढे गेले तर तिथला म्हणाला, "पुढून नाही. मागून." एकोणीस वर्षं ज्या पेठेत काढली त्या पेठेत उत्तरेश्वरला रस्ता सापडेना. नीनोने फोनवर नकाशा काढला होता, पण नकाशाला बांबू माहीत नव्हते.

शेवटी लक्ष्मी रोडला जाणाऱ्या एका गल्लीत ते घुसले आणि तिथून पुढे चालायची गरजच उरली नाही. गर्दीच चालवत होती. उत्तरेश्वरच्या कानात येरमाळ्याचा लाउडस्पीकर सुरू झाला. तो मध्येच थांबला, म्हणजे त्याला वाटलं की तो थांबला, गर्दी त्याला तसाच पुढे नेत होती.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर हात पडला. नीनोचा. पुढच्या घोळक्यातले लोक एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रेल्वे करून चालले होते, ते बघून तिने तेच केलं होतं. घट्ट धरलं होतं. मावशीने असं धरलं असतं तर, असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. तिच्या खांद्यावर मागच्या कोणीतरी हात ठेवला, त्याच्यावर आणखी कोणी. बघता बघता उत्तरेश्वर दहा-बारा माणसांच्या रेल्वेचं इंजिन झाला.

"पुढचे काका बरोबर नेतायत ना?" मागून एक बाई ओरडली.

"तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही हो, मला वाटलं तुमच्या."

"मग आपण चाललोय कुठे?"

उत्तरेश्वरला मागे वळून सांगायचं होतं की बाबांनो, मला धरू नका, मीच हरवलोय. पण मान वळवायला जागा नव्हती. म्हणून तो चालत राहिला.

लक्ष्मी रोड लागला. ढोल आता कानाने नाही, बरगड्यांनी ऐकू येत होता. भगवा-पांढरा झेंडा दिसला. पथकाभोवती जाड दोर, दोर धरून पोरं-पोरी, आणि आत ओळीने ढोल. तिसऱ्या ओळीत विशू. डोळे मिटून वाजवत होता.

"विशू! ए विशू!"

कानात कापसाचे बोळे घातलेल्या माणसाला हाका मारून काय उपयोग?

दोराशी एक मुलगी होती, नाकात नथ, गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर नाव साई. "काका, मागे व्हा."

"मला आत जायचंय. त्याच्याकडून किल्ली घ्यायचीय."

"दोराच्या आत कोणी येत नाही."

"या बाईंचा पासपोर्ट दुकानात अडकलाय. साडेतीनला गाडी आहे. रात्री विमान आहे."

साईने नीनोकडे बघितलं, मग घड्याळाकडे. दीड वाजला होता. "वादन चालू असताना आमचे सरसुद्धा मध्ये जात नाहीत. चौक आला की थांबतो. तेव्हा बोला."

"चौक तर हा काय, समोर."

"समोर आहे. पण आम्ही मिरवणुकीत आहोत, रिक्षात नाही." मग तिचा आवाज जरा उतरला. "बाहेर उभे राहिलात तर मागे फेकले जाल. माझी दोन पोरं जेवायला गेलीयेत. दोर धरा. दोघं पण."

आणि एकोणीस वर्षं मिरवणूक न बघितलेला उत्तरेश्वर मिरवणुकीचा दोर धरून उभा राहिला. शेजारी नीनो, सॅकसकट. लोक तिचे फोटो काढत होते. चाळीस पावलांवर चौक. पाच मिनिटांत पाच पावलं, मग थांबा. उत्तरेश्वर दर मिनिटाला घड्याळ बघत होता आणि दोर त्याच्या तळहातात रुतत होता. नीनो घड्याळ बघत नव्हती. ती फक्त विशूकडे बघत होती, वर्गात शेवटचा पोरगा पेपर कधी देतोय म्हणून वाट बघावी तशी.

दोन वाजून दहा मिनिटांनी चौक आला. झेंडे फिरले, ढोलावरचं टिपरू थांबलं, आणि एकदम इतकं शांत झालं की उत्तरेश्वरला वाटलं आपण बहिरे झालो. साईने दोर उचलला. तो नीनोला घेऊन आत पळाला आणि विशूच्या कानातला कापूस स्वतःच ओढून काढला.

"काका? तुम्ही? मिरवणुकीत?"

"पासपोर्ट!"

विशूचा चेहरा कुर्त्यासारखा पांढरा झाला. "आईशप्पथ. बिल्ल्यांखाली राहिला. मला बोलवायला आले आणि मी शटर ओढलं... काका, सॉरी. खरंच सॉरी."

"सॉरी नंतर. किल्ली."

"नाड्याला बांधलीय. ढोल सोडायला दोन माणसं आणि पाच मिनिटं लागतात. तुम्हीच काढा."

"इथे?"

"लाजू नका काका. कोणी बघत नाहीये."

अख्खा लक्ष्मी रोड बघत होता. उत्तरेश्वरने ढोलाखाली वाकून विशूच्या कुर्त्यात हात घातला आणि नाड्याशी झटापट करायला लागला. गॅलरीतून कोणीतरी शिट्टी मारली. किल्ली हाताला लागली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

किल्ली मिळाली आणि त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं. दुकान मागे, उत्तरेला. स्वारगेट पुढे, दक्षिणेला. मधे ही मिरवणूक. नीनो आत्ता दोराच्या आतून पलीकडे उतरली तर चालत स्वारगेट गाठेल. त्याच्याबरोबर मागे आली तर सॅकसकट पुन्हा वेळेत इकडे येता येणार नाही. मागे त्याला एकट्यालाच जावं लागणार होतं.

हे तिला कसं सांगायचं? "यू, स्वारगेट. मी, शॉप. पासपोर्ट. देन मी स्वारगेट."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. अनोळखी देशात, अनोळखी माणूस, सकाळी एकदा 'दहा मिनिटं' म्हणून पासपोर्ट घेऊन गेलेला, आता पुन्हा म्हणतोय माझ्यावर सोड.

उत्तरेश्वरच्या जागी कोणीही म्हटलं असतं, प्रॉमिस. त्याला ते सुचलं नाही. तो काउंटरचा माणूस. त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं स्वतःचं आधार कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं.

"आयडी," तो म्हणाला.

नीनोने कार्ड बघितलं. कार्डावरचा फोटो बघितला. मग त्याच्याकडे बघितलं. अगदी तो काउंटरवर बघतो तसं. आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली. कार्ड तिने गळ्यातल्या पाकिटात टाकलं.

लॉजचं पावतीपुस्तक त्याच्या खिशात होतं. एका पावतीच्या पाठीवर त्याने लिहिलं: 'या नीनो बाई. आमच्या लॉजच्या पाहुण्या. यांना स्वारगेट एसटी स्टँडवर साडेतीनच्या मुंबई गाडीपाशी पोचवावे. कोणीही आग्रहाने जेवायला बसवू नये. वेळ नाही. उत्तरेश्वर शेळके.' चिठ्ठी तिच्या हातात दिली. पलीकडच्या कडेला मंडळाचा एक कार्यकर्ता होता, सलिल म्हणून. साईने त्याला हाक मारून सांगितलं, "ह्यांना टिळक रोड पार करून दे." तो बाईला घेऊन गर्दीत शिरला आणि दोघं दिसेनासे झाले.

आता उत्तरेश्वर एकटा. उलट्या दिशेने.

ते कसं पार पडलं ते त्याला नीट सांगता येत नाही. कोणाच्या तरी हातातला ताशा डोक्याला लागला एवढं आठवतं. एका चपलेचा अंगठा तुटला. येरमाळ्याचा लाउडस्पीकर पूर्ण वेळ चालू होता, पण या वेळी तो वेगळंच नाव घेत होता. नीनो, नीनो. पावणेतीनला त्याने शटर उचललं. बिल्ल्यांच्या ढिगाखाली लाल पासपोर्ट. मशीन बंद. झेरॉक्स काढलेलीच नव्हती. मशीन गरम करायला दहा मिनिटं. तो मशीनकडे बघत उभा राहिला. मग शटर ओढलं, किल्ली आनंदीबाईंच्या खिडकीत भिरकावली.

"आता कसे जाणार हो?" त्यांनी वरून विचारलं.

"चालत नाय जमणार."

"मग जमिनीखालून जा. एवढी मेट्रो केलीय ती काय आमच्या माडीवरून बघायला?"

मेट्रोत तो कधी बसला नव्हता. शनिवारवाड्यासमोरून रस्ता ओलांडून कसब्यातलं स्टेशन गाठलं. तिथे बाहेर येणाऱ्यांचा पूर. हा आत जाणारा. तिकिटाच्या रांगेत पंधरा माणसं होती. तो पहिल्यापाशी गेला, पासपोर्ट दाखवला आणि म्हणाला, "एका बाईंचं विमान हाय. माझ्या हातात हाय ते." त्या माणसाने वरपासून खालपर्यंत बघितलं, तुटकी चप्पल बघितली, आणि बाजूला झाला. "काढा. तुम्ही विमानाने चाललाय असं नाही दिसत, म्हणजे खरं असणार."

गाडीत त्याने दोन्ही हातांनी पासपोर्ट छातीशी धरला होता. मंडईचं स्टेशन आलं, गेलं. वर तोच लक्ष्मी रोड, तोच दोर, तोच विशू, आणि खाली दोन मिनिटांत सगळं मागे पडलं. त्याला रडू आलं की हसू, कळलं नाही. शेजारच्या बाईने त्याला बसायला जागा दिली. तो बसला नाही.

तीन वाजून बावीस मिनिटांनी तो एसटी स्टँडवर आला. मुंबईची गाडी लागलेली होती. नीनो नव्हती.

गाडीच्या या बाजूला नाही, त्या बाजूला नाही. आत चढून बघितलं, नाही. कंडक्टर म्हणाला, "बसा किंवा उतरा." तीन पंचवीस. उत्तरेश्वरला दिसायला लागलं की ती कुठल्यातरी गल्लीत बांबूपाशी उभी आहे, हातात त्याची चिठ्ठी, आणि चिठ्ठी कोणालाच वाचायची नाहीये. आपणच सोडलं तिला. हात आपणच सोडला.

"काका, ह्याच का तुमच्या?"

वळला. दोन पोलीस, मधे नीनो. कपाळाला गुलाल, हातात शिऱ्याचा द्रोण, बगलेत पाण्याची बाटली. चिठ्ठी तिने पुढे केली. त्याच्या अक्षराखाली आता चार वेगवेगळी अक्षरं होती. 'टिळक रोड पार केला. सलिल.' 'पाणी दिले.' 'महाप्रसाद दिला. बसल्या नाहीत, उभ्याने घेतला. तुमची सूचना वाचली.' आणि शेवटी, पोलिसाच्या असणार, 'स्टँडवर पोच केले. ३.२६.'

उत्तरेश्वरने पासपोर्ट दिला. नीनोने तिथेच उभ्याने तो उघडला, फोटोचं पान बघितलं, व्हिसाचं पान बघितलं, नाव वाचलं. सगळं तपासून झाल्यावर गळ्यातल्या पाकिटातून त्याचं आधार कार्ड काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. कंडक्टरने घंटी मारली.

ती पायरीवर चढली तेव्हा उत्तरेश्वरला आठवलं. फॉर्म. झेरॉक्स.

"वन मिनिट," तो म्हणाला आणि मोबाईल काढला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, फोटोसाठी. नीनोने दारातूनच पान उघडून धरलं. त्याला सवय नव्हती, फोटो तीनदा काढावा लागला. तिसऱ्यात सगळं वाचता येत होतं, फक्त एका कोपऱ्यात तिचा अंगठा आला होता, गुलाल लागलेला. गाडी हलली. चिठ्ठी तिने पासपोर्टमध्ये घातलेली त्याला दिसली. ती त्याला फाइलला लावायची होती, पण मागायला वेळ राहिला नाही.

गाडी बाहेर पडली आणि फोन वाजला. रावसाहेब.

"उत्तरेश्वर, लॉजला आलोय मी. काउंटरवर कोणी नाही. एकोणीस वर्षांत असं झालं नाही. कुठे आहेस?"

"स्वारगेटला."

"विसर्जनाच्या दिवशी? तू?" पलीकडून फाइल चाळल्याचा आवाज आला. "बरं. त्या परदेशी बाईचा फॉर्म भरला का? झेरॉक्स कुठे लावलीस, फाइलमध्ये दिसत नाही."

"झेरॉक्स नाय काढली," उत्तरेश्वर म्हणाला. तो अजून धापा टाकत होता. "फोटो काढलाय."